युरोपाहून यवतमाळास सुखरूप पोचण्याची शास्त्रोक्त पद्धत

परदेश सहलीला जावे कसे, हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. परत यावे कसे, हे कोणी सांगत नाही. सहलीच्या रंगीत पत्रकात शेवटच्या दिवसापुढे बहुधा एकच ओळ असते: नाश्ता करून गोड आठवणींसह परतीचा प्रवास. ही ओळ मुंबईतल्या माणसाने मुंबईतल्याच माणसासाठी लिहिलेली असते. त्याची सहल विमानतळाबाहेर टॅक्सीवाल्याशी हुज्जत घातली की संपते. यवतमाळकराचे तिथे जेमतेम मध्यंतर होते. म्हणून ही मार्गदर्शिका. आर्णी, दारव्हा, दिग्रस, घाटंजी येथील प्रवाशांनी हिच्यातल्या वेळात आपापल्या रस्त्याच्या मानाने भर घालून घ्यावी. उमरखेडकरांनी नांदेडकडून यावे आणि हा मजकूर करमणूक म्हणून वाचावा.

आधी थोडा भूगोल. यवतमाळला विमानतळ नाही, असे पाहुण्यांसमोर कधीही कबूल करू नये, कारण ते खरे नाही. विमानतळ आहे. त्याला जवाहरलाल दर्डांचे नाव आहे, धावपट्टी आहे, आणि २००९ मध्ये लातूर, नांदेड, बारामती, उस्मानाबाद यांच्या जोडीने तो चालवायला खासगी कंपनीकडे दिला गेल्याचा इतिहासही आहे. नाही ते फक्त तिकीट काढून बसता येईल असे रोजचे विमान. रेल्वेचेही तसेच. वर्धा-नांदेड मार्गाचा पहिला तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला आणि गाडी कळंबपर्यंत आली. कळंबला चिंतामणी आहे, तेव्हा तिलाही तिथे दर्शनाला थांबावेसे वाटले असेल. तात्पर्य, आपले विमान नागपूरला उतरते आणि तिथून पुढे दीडशे किलोमीटर गाडीरस्ता आहे. युरोपातून मुंबई आठ-नऊ तास, मुंबईहून नागपूर दीड तास, नागपूरहून यवतमाळ तीन तास. अनुभवी माणसे यातल्या शेवटच्या आकड्याला सर्वांत जास्त भितात.

समुद्रापार जाऊन घरी येण्याची या जिल्ह्याची परंपरा तशी जुनी आहे. ती कापसाने सुरू केली. इंग्रज कंपनीच्या ज्या छोट्या गाडीला आपण लाडाने शकुंतला म्हणत आलो, तिच्यातून ११३ किलोमीटरवरचे मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीने मुंबई, मुंबईहून बोटीने मँचेस्टर, आणि धोतरजोडी होऊन परत. कापसाने वाटेत कुणाला ‘अजून किती वेळ?’ म्हणून विचारल्याची नोंद नाही. आता शकुंतला बंद आहे, पण लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डेनिम विणले जाते आणि ते बाहेरदेशीही जाते. तेव्हा मिलानच्या दुकानात जीन्सवर हात फिरवून हरखण्यापूर्वी हा कपडा आपल्याच गावचा तर नव्हे, याचा विचार करावा. असलाच, तर त्याला तिथेच राहू द्यावे. त्याला बिचाऱ्याला तिकडे जायला फार कष्ट पडले आहेत.

परतीची तयारी शेवटच्या रात्री हॉटेलच्या खोलीत सुरू होते. माणशी २३ किलो, ही मर्यादा सर्वांना पाठ असते आणि आपल्याला लागू नाही अशी प्रत्येकाची श्रद्धा असते. यवतमाळचा माणूस मुळात वजनाच्या बाबतीत संशयी, आणि त्याला कारणही आहे. सीसीआयच्या केंद्रावर कापसाचा ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव उतरतो, १२ वर गेला की गाडी परत. हे पिढीजात ज्ञान इथे कामी आणावे. न वाळलेले मोजे, ओला पंचा, हॉटेलच्या न्हाणीघरात रात्री धुऊन सकाळी कोंबलेली बनियन, हा सगळा ओलावा आहे. बाजार समितीत निदान कट्टीवरून भांडता येते. विमान कंपनीच्या काउंटरवरची मुलगी गोड हसते आणि काट्याकडे बोट दाखवते. मग सूटकेस भर विमानतळावर जमिनीवर उघडावी लागते. वरच्या थरात उरलेला चिवडा निघतो, मधल्या थरात आयफेल टॉवरच्या दोन डझन किल्लीसाखळ्या, आणि तळाशी पाच हॉटेलांतल्या साबणाच्या वड्या, ज्यांच्याबद्दल घरातले कोणीच काही बोलायला तयार नसते.

जास्तीचे वजन अंगावर चढवावे, असा एक सल्ला हमखास मिळतो. तो पाळताना महिना कोणता, हे पाहावे. आपल्या मुलांच्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीकडे उघडतात. त्यामुळे आपल्या सहली मे-जूनमध्ये निघतात आणि मे-जूनमध्येच परततात. झुरिकला दोन स्वेटर आणि एक लांब कोट घालून विमानात चढलेला गृहस्थ नागपूरच्या सोनेगावला उतरतो तेव्हा बाहेर ४४ अंश असतात. त्याला ओळखण्यासाठी नावाची पाटी धरावी लागत नाही.

जेवणाचे, तिकीट काढतानाच सांगून ठेवावे. इथे एक सापळा आहे. यादीत ‘हिंदू मील’ असे लिहिलेले पाहून भाविक माणूस डोळे मिटून तेच निवडतो, आणि आकाशात तीस-पस्तीस हजार फुटांवर त्याच्यासमोर कोंबडी येते. त्यात गोमांस नसेल एवढीच हमी असते, बाकी ते सामिष असू शकते. शाकाहाऱ्याने ‘एशियन व्हेजिटेरियन’ म्हणावे. हे ताट बहुधा सर्वांच्या आधी येते, त्यामुळे शेजाऱ्याला आपण कोणीतरी बडी असामी आहोत असे वाटते. चव मात्र अळणी लागेल. त्यात स्वयंपाक्याचा दोष नाही. विमानाच्या आतला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो आणि हवा कोरडीठक्क असते. नाक सुकते आणि जिभेला मीठ-साखर कमी कळते. शास्त्रज्ञांनी हे मागाहून शोधले. आपल्याकडच्या बायका ठेच्याची डबी आधीपासून नेत आहेत. फक्त ठेचा सुरक्षा तपासणीत पातळ पदार्थांत मोजला जाऊ शकतो, म्हणून डबी १०० मिलिलिटरच्या आतली हवी. मोठी डबी गेली, तर त्या अधिकाऱ्याच्या संध्याकाळबद्दल प्रार्थना करण्यापलीकडे आपल्या हाती काही नाही.

विमानात पाय सुजतात. बूट काढावेत, पण लांब सारू नयेत; उतरायच्या वेळी त्यांच्यात पाय जात नाहीत आणि माणूस हातात बूट घेऊन मायभूमीवर पाऊल ठेवतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी खिशातले पेन शोधणे थांबवावे. भारतीयांना येताना भरायचा कागद २०१४ मध्येच बंद झाला. तरी आजोबा पेन काढतीलच, आणि रांगेतला कोणीतरी परदेशी पाहुणा ते मागून नेईल.

मुंबईमार्गे येणाऱ्यांनी एक गोष्ट गिरवून ठेवावी. बॅगेवर नागपूरची पट्टी असली, तरी मुंबईत ती स्वतः उतरवून घ्यावी लागते, कस्टम्समधून न्यावी लागते आणि पुन्हा सोपवावी लागते. ‘ती येते आपोआप’ असे सांगणारा भाचा प्रत्येक कुटुंबात एक असतो. त्याच्यावर विसंबलेली कुटुंबे नागपूरच्या पट्ट्यापाशी सर्वांत शेवटपर्यंत उभी असलेली दिसतात.

आता कस्टम्स, आणि या विषयातला सर्वांत नाजूक भाग: बाटली. नियमाप्रमाणे माणशी दोन लिटर आणता येते. काका विमानतळावरच्या दुकानातून एक घेतात, पिशवीचे सील छातीशी धरून आठ तास बसतात, मुंबईला हिरव्या मार्गाने बाहेर पडतात आणि गालात हसतात. त्यांना वाटते, सीमा ओलांडली. खरी सीमा बुटीबोरीच्या पुढे आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, आणि नागपूर व यवतमाळ यांच्या मधोमध वर्धा जिल्हा आडवा पसरलेला आहे. सेलू-वर्धा-देवळी हा नेहमीचा रस्ता त्यातूनच जातो. हैदराबादच्या महामार्गाने जाम, हिंगणघाट, वडकी करून राळेगावकडे वळावे म्हटले, तर हिंगणघाट वर्ध्यातच. अमरावतीच्या अंगाने जावे, तर कारंजा घाडगे आणि तळेगाव वर्ध्यात. समृद्धी महामार्गालाही वर्धा चुकलेला नाही. नकाशा उलटा-सुलटा धरून पाहिल्यावर एक आडवाट दिसते: उमरेड, चिमूर, वरोरा करत वणीला निघावे आणि तिथून मारेगावमार्गे, अर्धा विदर्भ पाहत, यवतमाळ. तीही २०१५ ते २०२१ बंद होती, कारण त्या काळात चंद्रपूर जिल्ह्यातही दारूबंदी होती. दोहा, दुबई ओलांडून आलेल्या वस्तूला देवळी ओलांडता येऊ नये, यात गांधीजींचा विजय आहे आणि तो मोकळ्या मनाने मान्य करावा. नाक्यावर गाडी थांबवल्यास ‘साहेब, ही इथली नाही, फारेनची आहे’ हा युक्तिवाद करून पाहू नये. सबब, बाटली घेऊच नये. काकांची समजूत झुरिकलाच घालावी. नागपूरला उशीर झालेला असतो.

बाटलीऐवजी चॉकलेट घ्यावे, तर त्याला वर सांगितलेले ४४ अंश आडवे येतात. त्रिकोणी स्विस चॉकलेट गाडीच्या डिकीत तासभर राहिले की त्याचे त्रिकोणत्व संपते. घरी आल्यावर ते फ्रिजमध्ये टाकतात आणि मग त्याचा जो गोळा होतो तो सुरीने कापून शेजारी वाटतात. शेजारी ‘हे तिकडचं असंच असते काय?’ म्हणून विचारतात. हो म्हणावे.

शिवाय कोणाचे ना कोणाचे काही आणायचे राहिलेलेच असते. नणंदेच्या मुलीची सासू, सोसायटीचा चौकीदार, पासपोर्टच्या वेळी साक्षीला आलेले मास्तर. हे वर्धा जवळ आल्यावर आठवते, आणि इथे वर्धा घेतलेले परत करतो. गोरस भांडारातून गोरसपाकाचे पुडे घ्यावेत. युरोपातून आलेल्या माणसाने गोरसपाक का दिला, असे यवतमाळात कोणी विचारत नाही, कारण खाताना तोंड भरलेले असते.

गाडी आधीच ठरवून ठेवावी आणि चालक बोलका पाहावा. कुटुंबात त्या वेळी बोलण्यासारखे काही उरलेले नसते. आठ-दहा दिवस एकमेकांच्या अंगावर राहिलेल्या माणसांचे जे व्हायचे ते रोममध्येच झालेले असते. मागच्या सीटवर मुले तोंडे उघडी टाकून झोपतात. चालक आरशात पाहून म्हणतो, ‘कसं होतं जी मामाजी, फारेन?’ मामाजींनी दोन लाखांच्या वर खर्च केलेला असतो, लूव्र पाहिलेले असते, आल्प्सवर बर्फ हातात धरलेला असतो. ते म्हणतात, ‘चांगलं होतं. पण चहा नाही मिळत बाप्पा कुठं.’ मग देवळीच्या पुढे टपरी दिसली की गाडी थांबते, आणि कागदी कपातला तो चहा संपेपर्यंत कोणी कुणाशी भांडत नाही.

घरी पोचल्यावर तडक झोपू नये. युरोपातून येताना घड्याळ साडेतीन तास पुढे सरकते आणि शरीर मागे राहते. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा पोटात आणि डोक्यात अजून साडेदहाच असतात. पूर्वेकडे येणाऱ्याला हा त्रास पश्चिमेकडे जाणाऱ्यापेक्षा जास्त होतो, असे डॉक्टर सांगतात आणि सकाळी ऊन अंगावर घ्यायला लावतात. यवतमाळच्या जूनमध्ये ऊन घ्या, असे सांगावे लागत नाही. रात्रीच्या जागरणाचा मात्र उपयोग करता येतो. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली, तेव्हा नळाकडे डोळे लावून बसण्याचे जे प्रशिक्षण गावाला मिळाले ते कोणी विसरलेले नाही. तेव्हा गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न शेजारच्या काकूंना विचारावा: नळ कधी येऊन गेले? आणि पाळी रात्रीची निघाली, तर ज्याला झोप येत नाही त्याला ड्रमापाशी बसवावे.

दुसऱ्या दिवशी लोक भेटायला येतात. त्यांच्यासाठी दोन हजार फोटोंतून वीस काढून ठेवावेत, जास्त नकोत; एकविसाव्या चर्चला माणूस उठून पाणी प्यायला जातो. खर्च किती आला, हा प्रश्न येईल. खरा आकडा सांगू नये, कमीही सांगू नये. सर्वांत वरचढ प्रश्न काकूंचा असतो. त्यांना टॉवर, राजवाडे, बर्फ यांत रस नसतो. त्या पदर सावरून, पुढे सरकून विचारतात, ‘तिकडं नळ कितीक दिवसाआड येते?’

‘तिकडे चोवीस तास असतात काकू. केव्हाही तोटी फिरवा.’

काकू बराच वेळ विचार करतात. मग म्हणतात, ‘मंग सकायी उठून ते लोकं करतात काय?’