जवळचं विमान मंद

मुंबई आणि पुण्याच्या विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे 124 किलोमीटर भरतं. जेट विमान उंचावर ताशी 800 किलोमीटरनं जातं. त्रैराशिक मांडलं तर पुणं दहा मिनिटांत यायला हवं. पण या मार्गावर विमान असलं की वेळापत्रक त्याला तासाभराची मुदत देतं. नागपूर 680 किलोमीटरवर, वेळ दीड तास. लंडन 7,200 किलोमीटरवर, वेळ सुमारे दहा तास. आता भागाकार करा : लंडनला ताशी 720, नागपूरला साडेचारशे आणि पुण्याला 124! गाव जितकं जवळ, तितकं विमान मंद. द्रुतगती मार्गावर मोटारीला सपाटीवर 100ची मर्यादा असते. म्हणजे एवढे पंख पसरून, एवढं इंधन जाळून विमानानं मिळवलेली आघाडी अवघी 24ची.

कारण उघड आहे. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि दुसऱ्या विमानतळावर ते जागेवर थांबलं की संपतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं रांग ठरलेली; पुण्याचा लोहगाव विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ, तिथं लष्करी विमानांचा मान पहिला. मधल्या आकाशात वेग घ्यावा, तर चढण संपेतो उतार आलेला असतो. कंपन्या वेळ मुद्दाम फुगवतात, असा आक्षेप असतो. थोडा फुगवतातही, पण वेळेआधी पोचलेल्या प्रवाशानं तक्रार केल्याचं कुणी ऐकलेलं नाही. दुसरा आक्षेप स्कॉटलंडमधून येईल. तिथल्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे 2.7 किलोमीटरचं उड्डाण दोन मिनिटांत आटोपतं आणि वारा अनुकूल असताना ते 53 सेकंदांतही झालं आहे. खरं आहे, पण तिथं विमान जेमतेम आठ-दहा जणांचं, रांग नाही आणि मध्ये समुद्र आहे. आपल्याकडे मध्ये खंडाळा आहे, आणि तो रेल्वेनं केव्हाच ओलांडलाय.

परदेशातून मुंबईत उतरून पुढं जाणाऱ्याला हे उड्डाण सोयीचं, हे मान्य. पण दादरहून कोथरूडला निघालेल्याचं काय? तो आधी पुण्याकडं पाठ करून अंधेरीकडं जाणार, तासभर आधी सामान देणार, तपासणीत पट्टा काढणार, उडणार, पुण्याच्या ईशान्येला लोहगावात उतरणार आणि सगळं शहर ओलांडून पश्चिमेला परत येणार. तोवर सव्वातीन तासांत पुणं गाठणाऱ्या डेक्कन क्वीनचा प्रवासी घरी जेवायला बसलेला असतो. म्हणून दोन विमानतळांमधलं अंतर विचारण्यात अर्थ नाही, कारण विमानतळावर कुणीच राहत नाही. विचारायचं ते दोन घरांमधलं अंतर. आणि त्याचा हिशेब किलोमीटरात नव्हे, रांगांत करायचा.