मालक बोटीवर, डोळा भट्टीवर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पूर्वी डीलरचं टार्गेट पूर्ण केलं की दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा यायचा. उलाढाल मोठी असली तर चांदीचं नाणं, त्याहून मोठी असली तर बँकॉक. पण बँकॉकला आता पलीकडच्या गाळ्यातला जॉबवर्कवालाही जाऊन आला, त्यामुळं त्यात काही राहिलं नाही. सध्या क्रूझचा सीझन आहे. वर्षाला ठरल्या रकमेचे इन्सर्ट, म्हणजे मशीनच्या टूलवर बसणारे कापायचे तुकडे, उचला, सोबत कटिंग ऑइलचे बॅरल घ्या आणि मुंबईच्या बंदरातून सपत्नीक तीन रात्री समुद्रात जा. परत आणून सोडायची जबाबदारी कंपनीची.

अशा एका मालकांचं टार्गेट पूर्ण झालं. मालक म्हणजे कोणी एक माणूस समजू नका. सांगली फाट्यापासून नागावच्या हद्दीपर्यंत कुठल्याही फाउंड्रीत शिरा, काचेच्या केबिनमध्ये ते बसलेले असतील. तिकिटं हातात देताना डीलरनं जेवणाचे प्रकार, पोहण्याचा तलाव, रात्रीचा कार्यक्रम असं सगळं सांगितलं. मालकांनी ते ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘रेंज येतीया का बोटीवर?’’ बोट लागते का, बुडाली तर काय, हे प्रश्न वहिनींनी विचारले. ते नंतर.

रेंजचं उत्तर तसं सोपं नाही. किनारा सुटला की थोड्या वेळात जमिनीवरचे टॉवर मागं पडतात. मग मोबाइलच्या कोपऱ्यात एक अनोळखी नाव उमटतं. ते जहाजाचं स्वतःचं नेटवर्क. भोळा मोबाइल त्याला जाऊन चिकटतो आणि मालक डेकवर वारा खात असताना खिशात बिल चालू होतं. म्हणून जहाजावर पाय ठेवताच मोबाइल विमान मोडवर टाकायचा असतो. (जहाजावर विमान मोड, तर विमानात जहाज मोड का, असं मालकांनी विचारलं होतं. डीलरनं ते हसण्यावारी नेलं.) मग उरतं वायफाय. त्यात बहुतेक क्रूझवर वर्णव्यवस्था असते. स्वस्तातल्या पॅकेजवर फक्त मेसेज जातात, मधल्यावर फोटो चढतात, आणि ज्याला व्हिडिओ बघायचाय त्यानं सगळ्यात महागाचं स्ट्रीमिंग पॅकेज घ्यायचं, तेही एका मोबाइलपुरतं.

महाग असायला कारण आहे. जुन्या पद्धतीचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर जवळपास ३६,००० किलोमीटरवर असतो. आपण ‘हॅलो’ म्हटलं की ते तिथं जाणार, खाली येणार, पलीकडच्याचं ‘बोला मालक’ पुन्हा वर जाऊन खाली येणार. एवढ्यात अर्धा सेकंद जातो आणि तेवढ्या वेळात कोल्हापूरचा माणूस पुढची तीन वाक्यं बोलून मोकळा होतो. स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, म्हणून तिथं बोलणं एकमेकांवर आदळत नाही. रॉयल कॅरिबियननं २०२२ साली आपल्या सगळ्या जहाजांवर ते बसवायचं जाहीर केलं. आपल्याकडं तर विमानात आणि जहाजावर इंटरनेट देण्याचे नियमच मुळी डिसेंबर २०१८ मध्ये निघाले. त्याआधी समुद्रावर गेलेला माणूस खरोखरच गेलेला असायचा.

तरी पाण्यावर गेलेल्या माणसाला जमिनीवरच्यांनी बघितलंच पाहिजे, ही हौस नियमांच्या आधीची. २० ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ क्रूझचं उद्घाटन झालं. कान्होजी आंग्र्यांचं नाव, केंद्रीय मंत्री नितीन गडकरी हजर, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस हजर. आज कुणालाही विचारा, लक्षात काय आहे? अमृता फडणवीस सुरक्षेची हद्द ओलांडून जहाजाच्या कडेला सेल्फी काढायला बसल्या आणि पोलीस अधिकारी मागून विनवण्या करत राहिले, तेवढंच. आरमाराचा इतिहास, पर्यटनाचं धोरण, गोव्यापर्यंतचा जलमार्ग, सगळं त्या एका चौकटीच्या बाहेर राहिलं. पुढं २ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईच्या ‘कॉर्डेलिया’ क्रूझवर अमली पदार्थांच्या संशयावरून छापा पडला. शाहरुख खानच्या मुलाला अटक झाली, आणि बोटीवर जे काही चाललं होतं किंवा चाललं नव्हतं, त्याची मालिका साऱ्या देशानं जमिनीवर बसून आठवडेच्या आठवडे पाहिली. मे २०२२ मध्ये पुराव्याअभावी त्याचं नाव आरोपपत्रातून वगळलं गेलं. तो शेवटचा भाग बघायला मात्र कुणी थांबलेलं नव्हतं.

शिरोलीला बोटीचं अप्रूप असण्याचं तसं कारण नाही. बोट आमच्या दारात येऊन गेलेली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेला आणि जवळपास आठवडाभर ट्रकांच्या रांगा जागच्या जागी उभ्या राहिल्या. वीज गेली, टॉवरच्या बॅटऱ्या उतरल्या, रेंज गेली. पुराच्या पाण्यातून बोटी फिरल्या. त्यांत ना बाल्कनीची केबिन होती, ना स्ट्रीमिंगचं पॅकेज, आणि टार्गेट एकच होतं: म्हातारी माणसं आधी. त्याच पुरात तेव्हाचे जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांचा बोटीतून हात हलवतानाचा व्हिडिओ मात्र सगळीकडं पोचला. पूरग्रस्ताला रेंज नव्हती, त्यामुळं त्याला तो बऱ्याच उशिरा बघायला मिळाला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच पाणी, तोच महामार्ग. तर सांगायचं एवढंच, की पाण्यावर गेलं की संपर्क तुटतो, हे शिरोलीकराला कुणी नव्यानं शिकवायला नको. पैसे भरून पाण्यावर जायचं आणि वर संपर्क तुटू नये म्हणून आणखी पैसे भरायचे, हे नवीन.

तर मालकांनी स्ट्रीमिंगचं पॅकेज घेतलं. सिनेमा बघायला नव्हे. मालकांनी गेल्या दहा वर्षांत शेवटपर्यंत पाहिलेला एकमेव कार्यक्रम म्हणजे त्यांच्या फाउंड्रीचा सीसीटीव्ही.

सोळा चॅनेलचा डीव्हीआर आहे. मोबाइलवर सोळा चौकोन येतात, बोट लावलं की एकेक मोठा होतो. पहिला कॅमेरा गेटवर. चौथा भट्टीवर: पोअरिंग चालू झालं की सगळा चौकोन पांढराफट पडतो, तेवढ्यात मालक डोळे मिटून त्या हीटचा हिशेब करून घेतात. सातवा फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासायच्या जागी, तिथं फक्त ग्राइंडरच्या ठिणग्या दिसतात, पण ठिणग्या दिसतात म्हणजे माणूस जागेवर आहे. अकरावा संपूर्ण काळा. त्याला बिघाड म्हणत नाहीत. शिरोलीत काच पुसली नाही की काळी वाळू आपोआप पडदा टाकते. चौदावा चहाच्या जागेवर, त्याला सगळ्यात जास्त प्रेक्षक, म्हणजे मालक एकटेच, पण वारंवार. आणि सोळावा पॅटर्नच्या खोलीत. तिथल्या भिंगासमोर एका कोळ्यानं गेल्या दिवाळीत जाळं विणलं, तेव्हापासून त्या भागातली मुख्य भूमिका त्याचीच आहे.

कथानक संथ आहे, हे मान्य. पण नेटफ्लिक्सवर खून कुणी केला हे शेवटी एकदाचं कळतं. शिरोलीत स्क्रॅप कुणी विकलं हे कधीच कळत नाही. शिवाय इथं प्रेक्षकाला मध्ये पडून कथानक बदलता येतं.

पहिल्याच रात्री ते घडलं. जहाज लक्षद्वीपच्या वाटेला लागलेलं. वरच्या डेकवर कुणी जुनी हिंदी गाणी म्हणत होतं. मालक केबिनमध्ये. बाल्कनीची केबिन कंपनीनं मुद्दाम दिलेली, पण बाहेरच्या दिव्यांनी स्क्रीन नीट दिसेना म्हणून पडदा ओढून घेतलेला. परदेशी क्रूझवर याच्या उलटं असतं. २०११ साली आलेल्या ‘डिस्ने ड्रीम’ जहाजावर आतल्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये गोल पडदे बसवले आणि बाहेरच्या कॅमेऱ्यातून आलेला समुद्र त्यांवर थेट दाखवला. म्हणजे ज्याला समुद्र परवडत नाही तो समुद्राचं प्रक्षेपण बघतो, आणि ज्याला परवडतो तो फेटलिंग बघतो.

तर वॉचमनच्या केबिनमधल्या कॅमेऱ्यात वॉचमन चहाचा पेला ओठांशी धरून बसलेला दिसला. मालकांनी दहा मिनिटांनी पुन्हा बघितलं, पेला तिथंच. वीस मिनिटांनी बघितलं, तरी चहा संपेना. त्या कॅमेऱ्याला स्पीकर आहे, इकडून बोललेलं तिकडं ऐकू जातं. मालक कडाडले, ‘‘अरे, किती येळ चहा पितोस? गेट कोण बघणार?’’ हा आवाज अरबी समुद्रातून उपग्रहाकडं गेला, तिथून जमिनीवर उतरला आणि रात्री अकरा वाजता शिरोलीत रिकाम्या केबिनच्या छतातून बाहेर पडला. याहून अस्सल आकाशवाणी कोल्हापूर जिल्ह्यात झालेली नाही. केबिनबाहेर झोपलेलं कुत्रं उठून थेट हायवेपर्यंत गेलं, असं म्हणतात.

थोड्या वेळानं मालकांचा मोबाइल वाजला. वॉचमनच होता. ‘‘मालक, मी घरी हाय. माझी शिफ्ट संपून तास झाला. काय झालं?’’

चित्र अडकलं होतं. पॅकेज स्ट्रीमिंगचं असलं तरी समुद्र समुद्र असतो.

वहिनींचं धोरण वेगळं. त्यांनी घरच्या वायफायवर अख्खी मालिका डाउनलोड करून आणली होती. शहाणपणाचं काम. नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार एचडीत तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो, तो ओढायचा तर घरीच ओढावा. पण अशा काही डाउनलोडना मुदत असते, एकदा ‘प्ले’ दाबलं की ४८ तासांत बघून संपवायचं. वहिनींनी पहिल्या संध्याकाळी शेवटच्या भागाची पाच मिनिटं पाहिली, तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. मग जादूचे प्रयोग, मग डान्स. तिसऱ्या रात्री उरलेला भाग उघडला तर इंटरनेटला जोडा म्हणून सूचना आली. इंटरनेट मालकांच्या मोबाइलवर, आणि मालक सोळाव्या कॅमेऱ्यातल्या कोळ्यावर. ‘‘पाच मिनिटं द्या की हो’’ म्हटल्यावर मालकांनी ‘‘रात्रपाळी लागू दे’’ असं उत्तर दिलं. अखेर वहिनींच्या भावजयीनं बेळगावातून दोन ओळींच्या मेसेजमध्ये खुन्याचं नाव कळवलं. तेवढं स्वस्तातल्या पॅकेजवरही जातं.

आता शिरोलीतली बाजू. मालक आपल्याला बघतात, हे कामगारांना माहीत असतं. मालकांना माहीत नसतं ते हे, की कामगारही मालकांना बघतात. प्रत्येक प्रवासी जहाजावर एआयएस नावाचं यंत्र असतं. आपलं नाव, जागा, वेग आणि दिशा ते सतत प्रसारित करतं. जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून ही आंतरराष्ट्रीय सक्ती. पण ते प्रसारण किनाऱ्यावरची केंद्रंही पकडतात आणि फुकटातल्या ॲपवर जगातल्या कुणालाही नकाशात ती बोट सरकताना दिसते. फोरमनचा धाकटा आयटीआयला आहे. त्यानं जहाजाचं नाव टाकलं, बाण सापडला. मोल्डिंगच्या बाजूला, अकराव्या कॅमेऱ्याखाली, म्हणजे काळ्या पडद्याच्या मागं, तीन दिवस तो मोबाइल मालिकेगत चालू होता.

‘‘मालक कुठवर आले?’’

‘‘गोव्याच्या फुडं. अठरा नॉटचा स्पीड हाय.’’

‘‘लई पळवाय लागलाय की ड्रायव्हर.’’

या प्रसारणाला मर्यादा आहे. किनाऱ्यापासून साधारण चाळीस सागरी मैलांपलीकडं जमिनीवरच्या केंद्रांना ते नीट पकडता येत नाही. पुढचं उपग्रहाकडून मिळतं आणि त्याला पैसे पडतात. फाउंड्रीतल्या मंडळींनी काही पॅकेज घेतलं नाही. बाण नकाशावर थबकला, ‘शेवटचं स्थान अमुक तासांपूर्वी’ असं दिसू लागलं, आणि सगळ्यांना समजलं की मालक आता खरंच दूर गेले. त्या दिवशी चौदाव्या कॅमेऱ्यासमोर कुणीच फिरकलं नाही. चहा अकराव्याखाली झाला. मालकांनी केबिनमधून चौदावा उघडला, रिकामी जागा पाहिली आणि प्रसन्न होऊन वहिनींना म्हणाले, ‘‘बघ, आपण नसलो तरी पोरं कामाला लागलीत.’’

मालक परत आले. सोमवारी सकाळी नेहमीच्या वेळी काचेच्या केबिनमध्ये. स्टेटसवर सूर्यास्ताचे फोटो होते, एकूण एक वहिनींनी काढलेले. मालकांच्या गॅलरीत शिरोलीचे स्क्रीनशॉट. क्वालिटीवाल्यानं महिन्याचा तक्ता समोर ठेवला. मालकांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. बोटीवरच्या तीन दिवसांत रिजेक्शन महिन्यातलं सगळ्यात कमी होतं. फोरमनला बोलावलं. फोरमन म्हणाला, ‘‘काय की मालक. वाळू चांगली लागली असंल.’’ पोअरिंग चालू असताना मालकांचा फोन येतो, उत्तर द्यायला लाडलवरची नजर हटते, आणि समुद्रातून तो फोन धडपणे लागत नव्हता, असलं काही त्यानं सांगितलं नाही. फोरमन तीस वर्षं नोकरी करून राहिलाय तो असा.

दुपारी डीलरचा माणूस पुढची ऑर्डर घ्यायला आला. मालक बँकेत गेले होते. फोरमननं त्याला मशीन शॉपच्या मागं नेलं, स्वतःच्या पैशानं चहा पाजला आणि हळूच विचारलं, ‘‘पुढच्या टायमाला सात रात्रींची स्कीम हाय का? माल किती उचलाय लागंल तेवढं सांगा.’’

आकडा ऐकून फोरमननं थोडा विचार केला. मग तो शॉपमध्ये परतला आणि सीएनसीवरच्या पोरांना म्हणाला, इन्सर्टचे चारी कोपरे झिजवत बसू नका, दोन झाले की टाका.