सात आसनांचं सुख

रायपूरचं मराठी कुटुंब सात आसनी गाडी घेतं ते मुख्यतः नागपूरसाठी: राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असा सुमारे 300 किलोमीटरचा माहेर-सासरचा रस्ता. पण एर्टिगात सातही जण बसले की सामानाला उरते 209 लिटर जागा. म्हणजे माणसं न्या, नाहीतर लाडवांचे डबे. मागची सीट दुमडता येते म्हणाल, तर येते; मग गाडी पाचांचीच झाली. पाहुण्यांचं काय? त्यांच्यासाठी वर्षभर रिकामी रांग फिरवायची आणि ते आले की आत्याबाईंना गुडघे हनुवटीला लावून तिथे बसवायचं, याला आपण ऐसपैस म्हणतो. डिसेंबर 2022 पासून बिलासपूर-नागपूर वंदे भारत रायपूरवरून धावते खरी, पण ती दारात उभी करून शेजाऱ्यांना कुठे दाखवता येते?