लाइन कवा येते?

जूनमधलं पहिलं वादळ आलं की मूर्तिजापुरात कुठंतरी लिंबाची फांदी तारेवर पडते आणि पाचव्या मिनिटाला फोन सुरू होतात. "भाऊ, लाइन कवा येते?" मीही करतो. बंद पंख्याखाली घामेजलेल्या माणसाएवढी घाई कोणालाच नसते.

खांबावरच्याला ती परवडत नाही. आधी उपकेंद्राचं परमिट, मग एबी स्विच उघडायचा, तार मेली का ते टेस्टरनं पाहायचं, दोन्ही बाजूंनी अर्थिंग करायचं आणि मगच हात लावायचा. तोवर आपला सहावा फोन. मग एखादी पायरी गळते. कोणती, ते पंचनाम्यात कळतं.

बरं, परमिट घेऊन एबी स्विच उघडणाऱ्यालाही आपण सोडत नाही. लाइन गेली की मंगल कार्यालयाचा जनरेटर धडधडतो. चेंजओव्हर स्विचचे पैसे वाचवून तो थेट वायरिंगला जोडलेला असला, तर करंट उलटा डीपीकडे निघतो. ट्रान्सफॉर्मर बिचारा इमानदार. वरून ११ हजार व्होल्ट आले तर खाली ४०० करून देतो आणि खालून ४०० आले तर वर ११ हजार. परमिट खिशात, तार मात्र जिवंत!

असा झटका बसलेला हात पाहणाऱ्याला फसवतो. तळव्यावर रुपयाएवढा काळा डाग, दुसरा तळपायाला, जिथून करंट बाहेर पडला. "थोडक्यात वाचला बाप्पा," लोक म्हणतात. आत कोपरापर्यंतचं मांस शिजलेलं असतं. लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली की डॉक्टरांना किडनीची धास्ती. मग अकोला, तिथून नागपूर, आणि कधीकधी परतताना एक बाही रिकामी.

वीज मंडळाचं विभाजन २००५ मध्ये झालं, महावितरण आली, पण आमच्याकडे खांबावरचा माणूस अजून 'बोर्डाचाच'. कंत्राटी असला तरी बोर्डाचा. हात भाजला की मात्र तो एका रात्रीत ठेकेदाराचा होतो.

४ मार्चला देशभर लाइनमन दिवस असतो. शाल, नारळ, फोटो. शाल दुसऱ्यानं अंगावर टाकली तरी चालते, नारळ घ्यायला मात्र दोन हात लागतात.