बॉनेटवरची खुर्ची

दक्षिण आफ्रिकेतल्या खाजगी जंगलातून, तिथल्या उंची लॉजमध्ये राहून परतलेला मराठी माणूस लगेच ओळखू येतो. तो 'जाऊन आलो' म्हणत नाही, 'पाचही झाले' म्हणतो. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस, अष्टविनायक उरकावेत तसे. ही पाचांची यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी मारायला जे सगळ्यांत घातक, ते पाच. आता बंदुकीच्या जागी मोबाइल आला, यादी तीच राहिली.

खोलीपुढचा खाजगी तलाव, त्यात सोंड बुडवणारा हत्ती, उघड्यावरची आंघोळ हे सगळं फोटोंत बघून झालं. त्यावर माझं काही म्हणणं नाही. ज्याचे पैसे, त्याची आंघोळ. मी अडकलो तो एका खुर्चीवर.

सफारीच्या उघड्या गाडीला, बॉनेटच्या डाव्या टोकावर एक खुर्ची जोडलेली असते. तिला दार नाही, काच नाही, टप नाही. तिच्यावर बसतो तो ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा. पाहुणे मागे, एकावर एक चढत्या रांगांत. जुलैत तिथे हिवाळा, म्हणून पाहुण्यांच्या अंगावर घोंगडी आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी. रेंजर स्टिअरिंगवर, बंदूक त्याच्यासमोर. म्हणजे बंदूक आत आणि माणूस बाहेर.

निघण्यापूर्वी रेंजर बजावतो की गाडीत उभं राहू नका. प्राण्यांना गाडी आणि माणसं मिळून एकच आकार दिसतो, तो मोडला की धोका. पाहुणे माना डोलावतात. त्या आकाराच्या पुढे फूट-दोन फूट एक अख्खा माणूस पाय सोडून बसलाय, हे कुणाच्या मनात येत नाही. तिथून परतलेल्या आमच्या स्नेह्यांना विचारलं, तर म्हणाले, ''त्याला सवय असते हो. आणि सिंह दिसला की तो आत येऊन बसतो.'' वा! सिंह दिसला की आत. पण दिसेपर्यंत? दिसेपर्यंत बाहेरच. सिंह आहे की नाही हे ज्याच्या डोळ्यांमुळे कळायचं, तो कळेपर्यंत सिंहाच्या बाजूला, आणि कळल्यावर आपल्या बाजूला. सिंहाला तोच आधी दिसला तर काय, याचं उत्तर स्नेह्यांकडे नव्हतं. त्यांच्याकडे 'थ्रिल' होतं. पिशवी मांडीवर घेऊन.

वाळूतला अर्धा ठसा, मोडलेलं गवत, माकडांचा कालवा, एवढ्यावर हा माणूस बिबट्या काढून देतो आणि श्रेय जातं कॅमेऱ्याच्या लेन्सला. हे शहाणपण त्याला कुठून आलं? त्या भागातले बरेच ट्रॅकर शांगान समाजाचे. त्यांच्या बापजाद्यांचं रानच ते. पण रानाला 'राखीव' म्हटलं की आधी माणसं उठवायची, ही रीत जुनी. या खाजगी जंगलांना लागून असलेलं क्रुगर राष्ट्रीय उद्यान 1926 चं. त्याच्या उत्तर टोकाला, पाफुरीत, मकुलेके लोकांना 1969 साली सक्तीनं हाकललं. 1998 मध्ये जमीन परत मिळाली, तीही जंगलच ठेवण्याच्या कबुलीवर. पश्चिमेकडची खाजगी अभयारण्यं आणि क्रुगर यांच्यामधलं कुंपण मात्र 1993 पासून काढायला घेतलं. सिंहाला इकडून तिकडे जायला आडकाठी नको ना! त्याच सिंहासाठी सरकारी बाजूला तिकीट काढून, स्वतःच्या गाडीत, ठरलेला रस्ता न सोडता ताटकळायचं. खाजगी बाजूला आला की तोच सिंह एका रात्रीला कुणाच्या तरी वर्षाच्या पगाराएवढा महाग. सिंहाला हा भाव कुणी सांगितलेला नाही, नाहीतर त्यानेही निम्मे मागितले असते. आणि हे सगळं जमवून देणाऱ्याला? खोलीतल्या माहितीपुस्तिकेत बक्षिसीचे आकडे सुचवलेले असतात. रेंजरला इतके, आणि बहुतेक ठिकाणी ट्रॅकरला त्याहून कमी. बंदूकवाल्याला जास्त, उघड्यावरच्याला कमी! हा हिशेब कुठल्या अकलेनं मांडला म्हणायचा?

स्नेह्यांनी बिबट्याचा फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. डाव्या कोपऱ्यात खाकी बाही आणि टोपीची कड येत होती म्हणे, फार खटकायची. मुलाने एका मिनिटात पुसून दिली.