एक दिवसाचा डॉन

कोलंबियातल्या मेडेयीनहून सकाळी साहसी सहलीची गाडी खास तुमच्यासाठी निघते आणि दोनेक तासांत ग्वातापेच्या जलाशयाकाठी पोचवते. कोकेनचा डॉन पाब्लो एस्कोबारने लेकीचं नाव दिलेली ‘ला मानुएला’ ही हवेली तिथलीच. १९९३ साली त्याच्या वैऱ्यांनी ती बॉम्बने उडवली. उरलेल्या भिंतींचा आडोसा वाया कशाला घालवा? तिथे पेंटबॉल सुरू झाला. गोळी लागली की हात वर करायचा, डावाबाहेर बसायचं, पुढच्या डावात पुन्हा जिवंत. १९८९ मध्ये त्याच्या टोळीने आव्हियांका कंपनीचं प्रवासी विमान आकाशात उडवलं, त्यातल्या १०७ जणांना अशी सवलत नव्हती.

मग नौकाविहार. याच पाण्याखाली जुनं पेन्योल गाव आहे, वीज हवी म्हणून बुडवलेलं. त्याच्या खुणेच्या क्रूसाला नाव एक वळसा घालते, बस्स. धरणग्रस्तांच्या दुःखात थरार कुठला! पेन्योलच्या प्रचंड खडकाच्या सातशेवर पायऱ्या मात्र इमानाने घाम काढतात. दिवसातला प्रामाणिक भाग तेवढाच.

खुद्द मेडेयीनने २०१९ मध्ये एस्कोबारची ‘मोनाको’ इमारत सुरुंग लावून पाडली आणि बळींच्या स्मरणार्थ तिथे बाग केली. पण बागेत गोळ्या झाडायची सोय नाही. साहसी सहलीत तिला कोण विचारणार?

दुपारच्या जेवणात बहुधा तळलेला ट्राउट मासा असतो. शाकाहारी मंडळींनी आधी कळवावं. उगाच जीवहत्येचं पाप नको.