आंग्लशब्दसंभवमीमांसा : वऱ्हाडी शाखा

इंग्रजी भाषेत नवे शब्द कसे उत्पन्न होतात, या प्रश्नाचा उलगडा ऑक्सफर्ड येथे बसून करण्याची प्रथा पडली आहे. या प्रथेने शास्त्राची मोठी हानी केली. कारण सदर विद्येची बहुतेक प्रमेये अमरावती ते अकोला एवढ्या टापूत, बूट न काढता, सिद्ध करता येतात. प्रस्तुत निबंधात त्या टापूचे यथामति विवेचन केले आहे.

प्रथम प्रकार : पुच्छच्छेद. शब्दाचे शेपूट छाटून उरलेल्या धडास स्वतंत्र शब्दाची प्रतिष्ठा देणे, हे याचे लक्षण. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या पांढऱ्या सोन्याला भाव आला. अमरावती हे नाव तेव्हाचे साहेब ‘ऊमरावटी’ असे लिहीत. कापसाच्या व्यापाऱ्यांनी त्यातील ‘वटी’ कापली, उरलेल्या ‘ऊमरा’ला अनेकवचनी प्रत्यय लावला आणि ‘ऊमराज’ नावाचा कापूस इंग्रजीत अवतरला. पुढे या एका नावाखाली सगळ्या वऱ्हाडचाच नव्हे, तर खानदेशचाही माल विकला जाऊ लागला. अर्थात अकोल्याच्या शेतात फुटलेले बोंड इंग्रजीत गेल्यावर अमरावतीकर झाले. अकोल्याच्या पंडितांना ही व्युत्पत्ती मान्य आहे. त्यांचा आक्षेप इतिहासावर आहे.

द्वितीय प्रकार : शिरच्छेद. येथे धड राहते, डोके जाते. ‘इंजिन’ या शब्दाचा ‘इं’ उडाला आणि सरकी काढणाऱ्या यंत्राचे नाव ‘जिन’ पडले. एली व्हिटनी याने १७९४ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले, ते याच मुंडके उडालेल्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यावरून ‘जिनिंग’. इंग्रजीत ही क्रिया होय. वऱ्हाडात ही जागा होय: तिला फाटक असते, आत काटा असतो, बाहेर बैलगाड्यांची व ट्रॅक्टरांची रांग असते, आणि ‘बाबा जिनिंगवर गेले’ या वाक्यात बाबा कोणतीही क्रिया करीत नसून नुसते नंबर लागण्याची वाट पाहत असतात. क्रियेचे असे स्थावरीकरण ऑक्सफर्डच्या नजरेतून निसटले असल्यास नवल नाही. तेथे कापूस पिकत नाही.

तृतीय प्रकार : विकल्पच्छेद. हा विषय अत्यंत वादग्रस्त असल्याने त्यास अधिक जागा देणे भाग आहे. जपानी भाषेत ‘जिन-रिकि-शा’ म्हणजे मनुष्य-बल-वाहन. इंग्रजीने त्यातील मनुष्य काढून टाकला व ‘रिक्षा’ केली. पुढे तिला यंत्र बसले, तेव्हा ‘ऑटो-रिक्षा’ असा ग्रीक-जपानी समास झाला. हा समास उच्चारण्यास लांब पडतो, याविषयी सर्व महाराष्ट्राचे एकमत आहे. कुठून तोडावा, याविषयी नाही. पुणेकर डोके उडवून ‘रिक्षा’ म्हणतात. वऱ्हाडी माणूस शेपूट उडवून ‘ऑटो’ म्हणतो, कारण रिक्षा म्हणजे सायकलरिक्षा, हे त्याच्या मनात पूर्वीच ठरलेले होते. सूक्ष्म विचार करता पुणेकर ‘बल-वाहन’ थांबवितो, तर अमरावतीकर केवळ ‘स्वयं’ थांबवितो. ‘ए स्वयं, राजकमल चौकात येतं का बे?’ असा या हाकेचा शब्दशः अर्थ निघतो, आणि वेदान्ताशी त्याचे जवळचे नाते आहे. येथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. जपानी शब्दातून ‘जिन’ गेला. आंग्ल शब्दातून ‘जिन’ उरला. या दोन घटनांचा परस्परसंबंध प्रस्थापित करण्याचा मोह आम्ही आवरला आहे.

याच ठिकाणी शब्दसिद्धीचे प्रमाण सांगणे इष्ट. जो ध्वनिसमूह ऐकून ऑटोवाला ‘म्हणजे कुठं?’ असे न विचारता थेट भाडे सांगतो, तो शब्द सिद्ध. बाकी सर्व शब्दाभास.

संकरज शब्दांचा चतुर्थ प्रकार येथे नाममात्र. ब्रेकफास्ट व लंच यांचा संकर होऊन ‘ब्रंच’ झाला, तो १८९५ च्या सुमारास, इंग्लंडात. वऱ्हाडात सकाळचे पोहे निराळे आणि दुपारचे जेवण निराळे. दोहोंचे एक करणे म्हणजे एक बुडविणे. सबब या प्रकारास येथे प्रजा नाही.

पंचम प्रकार : आद्याक्षरज. यात वऱ्हाडने जगाला मागे टाकले आहे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ सालचे. त्यास सारे ‘पीकेव्ही’ म्हणतात. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे, ते ‘एचव्हीपीएम’. आता विच्छेद करून पाहावा. पंजाबराव, कृषी, विद्यापीठ, हनुमान, व्यायाम, प्रसारक, मंडळ: यांत इंग्रजी पद एकही नाही. तरीही निष्पन्न शब्द निखळ इंग्रजी. अवयव मराठी, देह आंग्ल! या अवस्थेस आम्ही ‘निर्गुण आंग्लत्व’ अशी संज्ञा देतो. हनुमंताचे ‘एच’ या एका अक्षरात मावणे कित्येक भाविकांस खटकते. परंतु लंकाप्रवेशसमयी त्याने सूक्ष्म रूप धारण केले होतेच, तेव्हा हरकत टिकत नाही. ‘पीकेव्ही मिनी दालमिल’ या यंत्रनामात तर निर्गुण, सगुण व डाळ यांचा त्रिवेणी समास आहे.

षष्ठ प्रकार : नामसंक्रमण. मनुष्याचे नाव वास्तूस लागते आणि मनुष्य विसरला जातो. लॉर्ड आयर्विन १९२६ ते १९३१ व्हाइसरॉय होते. अमरावतीत आज ‘इर्विन’ म्हणजे सरकारी दवाखाना, आणि त्यावरून चौक. १८८५ साली स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारणाऱ्या लेडी डफरीन यांचे नाव तेथील स्त्री रुग्णालयास चिकटले. ‘सून डफरीनले भरती हाय अन् बुढा इर्विनले’ या एका वाक्यात घरची चिंता आणि ब्रिटिश साम्राज्याचा जवळजवळ अर्ध्या शतकाचा काळ एकत्र नांदतो.

अकोल्याच्या स्त्री रुग्णालयास मात्र ‘लेडी हार्डिंग’ म्हणतात. येथे दोन संप्रदाय फुटतात. इर्विन चौक संप्रदाय म्हणतो : स्त्रियांचा दवाखाना म्हटल्यावर ‘लेडी’ हे पद पुनरुक्त, म्हणून त्याज्य. अकोल्याच्या टॉवर चौक संप्रदायाचे उत्तर : नुसते ‘हार्डिंग’ म्हटल्यास लॉर्डाचा बोध होईल, आणि लॉर्डाकडे बाळंतीण कोण नेणार? आम्ही उभयपक्ष ऐकले. लाघवाच्या दृष्टीने अमरावती श्रेष्ठ, मर्यादेच्या दृष्टीने अकोला. परंतु रात्री दोन वाजता कळा सुरू झालेल्या स्त्रीच्या नवऱ्याने किती अक्षरे उच्चारावीत, हा प्रश्न निर्णायक मानल्यास निकाल अमरावतीच्या बाजूने द्यावा लागतो.

दोन्ही दवाखान्यांचे शासकीय नाव ‘जिल्हा स्त्री रुग्णालय’ आहे. जिज्ञासूंनी ते नाव कोणत्याही ऑटोवाल्यासमोर आधी उच्चारून पाहावे, मग ‘डफरीन’ किंवा ‘लेडी हार्डिंग’ म्हणावे, आणि दोन्ही वेळचा प्रतिसाद टिपून ठेवावा. प्रयोगाचे भाडे ज्याचे त्याने द्यावे.